पोट का फुगते?

संध्याकाळ झाली की माझे पोट तट्ट फुगे, कमरेचा पट्टा एक भोक सैल करावा लागे आणि शेवटी जे खाल्ले असेल त्याला दोष देऊन मी मोकळा होई. पुढे तीन आठवडे जेवणाच्या व त्रासाच्या वेळा वहीत टिपल्या, तेव्हा दिसले की बहुतेक वाईट दिवशी मी फोनवर बोलत बोलत सात-आठ मिनिटांत जेवण उरकले होते.

घाईने खाताना घासाबरोबर हवाही गिळली जाते. त्यातली बरीचशी ढेकरावाटे निघते, उरलेली आतड्यांत उतरते. वायूचा दुसरा उगम मोठ्या आतड्यात आहे: लहान आतड्यात न पचलेली कर्बोदके तिथले जिवाणू आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड व काही जणांत मिथेन तयार होतो. कडधान्यांतील रॅफिनोजसारख्या शर्करा फोडणारे विकर (एन्झाइम) माणसाच्या आतड्यात नसतेच. म्हणून ती भिजवून ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे या शर्करांचा काही भाग तरी निघून जातो. दूध सोसत नसेल तर बहुधा दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर कमी पडत असते, पण अशा अनेकांना दही चालते. साखरविरहित च्युइंगम मात्र दुहेरी त्रास देते, कारण चघळताना हवा गिळली जाते आणि त्यातले सॉर्बिटॉल हे गोडी आणणारे द्रव्य आतड्यात आंबते.

बद्धकोष्ठतेकडे आपण फार दुर्लक्ष करतो. मल साचून राहिला की वायू पुढे सरकत नाही आणि आंबणेही चालूच राहते. त्यावर उपाय म्हणून मी एकाच आठवड्यात कोंडा, कोशिंबिरी, फळे सारे वाढवले आणि त्रास आणखी वाढला. तंतुमय पदार्थ हळूहळू आणि पुरेशा पाण्यासोबत वाढवावेत, हे मी तेव्हा शिकलो.

पोट फुगलेलेच असेल तर दहा-पंधरा मिनिटे चालावे, किंवा उताणे पडून गुडघे छातीशी घ्यावेत. सिमेथिकोनच्या गोळीने वायूचे बुडबुडे एकत्र येतात, पण वायू तयार होणे थांबत नाही. एरवी दिवसातून 10 ते 20 वेळा वायू सरणे स्वाभाविक आहे, त्याची धास्ती घेऊ नये. मात्र वजन घटणे, शौचातून रक्त, सततच्या उलट्या, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू होऊन न हटणारी फुगी, विशेषतः स्त्रियांमध्ये, अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे आणि ती वहीही सोबत न्यावी.