वेटिंग लिस्ट, क्लार्कबाई आणि अर्धा प्लॉट

ऑक्सफर्डशायरमधल्या आमच्या गावात अलॉटमेंटचा अर्ज एका पानाचा आहे. नाव, पत्ता, पूर्ण प्लॉट हवा की अर्धा, संपलं. अलॉटमेंट म्हणजे भाजीपाला पिकवायला पॅरिश कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीकडून, भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. पूर्ण प्लॉट जुन्या मापाने दहा रॉड, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. भाडं किरकोळ असतं, त्यामुळे मागणी भरपूर.

अर्ज दिला आणि तिथून पुढे एकच उत्तर मिळत राहिलं: "तुमचं नाव यादीत आहे." यादीत कितवं? ते सांगता येत नाही. कौन्सिलच्या क्लार्कबाई आठवड्यातून मोजकेच तास कामावर, फोन कायम मशीनवर. त्याचंही काही वाटलं नसतं, पण अलॉटमेंटचं शेत माझ्या रोजच्या वाटेवर आहे. कुंपणातून बघावं तर निम्म्या प्लॉटांवर कमरेएवढी ब्रॅम्बलची काटेरी झुडपं, एक शेड आडवी झालेली, पाण्याच्या टाकीत शेवाळ. इकडे आम्ही खिडकीतल्या कुंडीत मेथी लावतोय! विचारलं, हे प्लॉट कुणाचे? म्हणे, त्यांनी भाडं भरलंय, आणि काढायचं तर बारा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. असं गोड बोलून वाटेला लावण्यात ही मंडळी पटाईत.

मग मी कायदाच काढून वाचला. बारा महिन्यांची नोटीस आहे खरी, पण ती भाडेकरूची काही चूक नसताना जमीन परत घ्यायची असेल तेव्हा. भाडं चाळीस दिवस थकलं किंवा नियम मोडले, तर १९०८ च्या कायद्याप्रमाणे एका महिन्याची नोटीस पुरते. आणि जमीन कसत ठेवायची हा नियम आमच्या करारात पहिल्याच पानावर छापलेला आहे! त्याच कायद्यात आणखी एक कलम सापडलं: गावातल्या सहा मतदारांनी लेखी मागणी केली, तर कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो.

सह्या गोळा करणं मात्र सोपं गेलं. चर्चमध्ये घंटा वाजवणारे एक आजोबा, पबची मालकीण, शेजारच्या निवृत्त शिक्षिका. प्रत्येकाचं कुणी ना कुणी यादीत अडकलेलं होतंच. शिक्षिकाबाईंनी सही करता करता इतिहासही ऐकवला. एन्क्लोजरच्या कायद्यांनी गावोगावची सामायिक कुरणं कुंपणांत गेली, मजुरांच्या वाट्याला असे तुकडे आले, तेही सगळीकडे नाहीत. १८९४ पर्यंत गावचा कारभार चर्चच्या व्हेस्ट्रीतून, म्हणजे चर्चच्या गावसभेतून चाले, पॅरिश कौन्सिल त्यानंतरची. बाईंचं मत असं की तेव्हापासून मीटिंगा लांबल्या, एवढाच फरक.

हो, एक राहिलंच. भारतीय पासपोर्ट असला तरी इथे कायदेशीर राहणाऱ्याला कॉमनवेल्थ नागरिक म्हणून मतदार यादीत नाव घालता येतं. आल्या आल्या घाला. माझं होतं, म्हणून सहावी सही माझीच झाली.

कौन्सिलची मीटिंग व्हिलेज हॉलमध्ये भरते. अजेंडा किमान तीन पूर्ण दिवस आधी नोटीसबोर्डवर लागतो, तो वाचून जा. गावकऱ्यांना सुरुवातीला बोलायला मिळतं, आमच्याकडे माणशी तीन मिनिटं. कलमाचा आकडा सांगितला तसे चेअरमन क्लार्कबाईंकडे बघू लागले. बाई वहीत बघत होत्या. पुढच्या महिन्यात पाहणी झाली, नोटिसा गेल्या, आणि ज्या यादीत माझा नंबर सांगता येत नव्हता तिच्यातून अर्धा प्लॉट निघाला. पत्रावर सही त्याच बाईंची!

पूर्ण प्लॉटच्या हट्टाला पेटू नका, अर्धा लवकर सुटतो आणि ब्रॅम्बलची मुळं उपटताना तोच डोईजड होतो. करार नीट वाचा: कोंबड्या आणि ससे पाळायला १९५० चा कायदा मुभा देतो, पण कोंबडा नाही. मेथी मे महिन्यात पेरली तर झकास येते. कोथिंबीर जूनच्या लांबलचक दिवसांत लगेच फुलावर जाते, ती ऑगस्टअखेर टाका.