अजून एक क्वार्टर आहे

दुपारी बायकोने कपाट आवरायला घेतलं आणि माझ्या कप्प्यातून जांभळी जर्सी दोन बोटांच्या चिमटीत धरून बाहेर काढली. "याचं फडकं करू?"

पाठीवरचा पाचचा आकडा निम्मा उखडलेला. 'फॉक्स'मधला शेवटचा एक्स कुठल्या तरी धुण्यात गळून गेलेला. आणि तो डिअ‍ॅरन फॉक्स तरी कुठे राहिलाय सॅक्रामेंटोत? फेब्रुवारी 2025 मध्येच त्याला सॅन अँटोनियोला देऊन टाकला. म्हणजे माल डुप्लिकेट, खेळाडू परका आणि टीम सॅक्रामेंटो किंग्ज. प्रश्न अगदी रास्त होता. मी "राहू दे" म्हणालो.

एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, तीस टीम असताना हीच का, असं लोक विचारतात. खरं कारण सांगितलं की हसतात. कारण आहे आडनाव. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिव्यांनी 2013 मध्ये किंग्ज विकत घेतली आणि सिॲटलला निघालेली टीम सॅक्रामेंटोतच ठेवली, हे पेपरात वाचलं. रणदिवे! आता आणखी काय बघायचं? त्याआधी ते गोल्डन स्टेट वॉरियर्सचे भागीदार होते. किंग्ज घ्यायची म्हणून तो हिस्सा त्यांना सोडावा लागला. दोनच वर्षांत वॉरियर्स विजेते झाले. मग 2017, 2018, 2022, नुसती रांगच. हे मुहूर्तज्ञान बघून माझा जीव या गृहस्थांवर आणखीच जडला. आमच्या आजोबांनी धंतोलीतला प्लॉट असाच नेमक्या वेळी विकला होता.

किंग्जची दुःखं मला तोंडपाठ आहेत. 2002 ची लेकर्सबरोबरची मालिका घ्या. चौथ्या सामन्यात शेवटच्या सेकंदांत आमच्या डिव्हाचने बास्केटखालून बॉल लांब ढकलला, तो नेमका लेकर्सच्या रॉबर्ट हॉरीच्या हातात. तीन पॉइंट, सामना गेला. सहाव्यात लेकर्सना एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये 27 फ्री थ्रो (फाउलच्या बदल्यात मिळणारे मोकळे शॉट) मिळाले, त्यावरून अजून भांडणं होतात. पण सातव्याबद्दल आम्ही जरा हळू बोलतो. तिथे घरच्या मैदानावर आमच्याच लोकांनी 30 पैकी 14 फ्री थ्रो घालवले, आणि ओव्हरटाइममध्ये हरले. रेफरीला किती बोलणार?

मग ड्राफ्ट, म्हणजे नव्या पोरांची टीमनी पाळीपाळीने करायची निवड. 2009 मध्ये चौथ्या नंबरवर टायरीक एव्हान्स घेतला, स्टेफ करी सातव्यावर गेला. 2012 मध्ये पाचवा थॉमस रॉबिन्सन घेतला, सहावा डेमियन लिलार्ड होता. 2018 मध्ये दुसरा मार्विन बॅगली घेतला, तिसरा लुका डॉन्चिच. सोडलेले तिघेही पुढे मोठे स्टार झाले. मुद्दाम ठरवूनसुद्धा असं जमत नाही हो. 2006 नंतर सलग 16 मोसम प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, नाही, हा एनबीएचा विक्रम. विक्रम तो विक्रमच.

ऑक्टोबर 2019 मध्ये ही टीम खुद्द मुंबईत आली. भारतातले एनबीएचे पहिलेच सामने, वरळीच्या डोममध्ये, इंडियाना पेसर्सबरोबर. पहिल्या दिवशी प्रेक्षकांत शाळेची पोरं भरलेली. त्या दिवशी किंग्ज ओव्हरटाइममध्ये एका पॉइंटने हरले, 132-131. माझं तिकीट अर्थातच दुसऱ्या दिवसाचं. रात्रीची गाडी पकडून नागपूरहून गेलो आणि 130-106 असा पराभव डोळे भरून पाहिला. जर्सी त्याच दिवशी रस्त्यावर घेतली. शेजारच्या पोराने विचारलं, "काका, हे लोक नेहमीच असे खेळतात?" मी म्हटलं, "नाही रे, आज बरे खेळले."

2022 च्या ऑक्टोबरपासून एक नवीन प्रकार सुरू झाला. सामना जिंकला की सॅक्रामेंटोतल्या गोल्डन वन सेंटरच्या छतावरून जांभळ्या लेझरचा झोत सरळ आभाळात सोडतात. "लाइट द बीम!" म्हणून अख्खं स्टेडियम ओरडतं. मीही दिवाळीची जांभळी माळ बाल्कनीत कायमची लावून ठेवली. तिकडचा रात्रीचा सामना म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेआठ, संपेस्तोवर अकरा. नागपूरच्या अकराच्या उन्हात माळ लागलीये की नाही हे हात लावून बघावं लागतं. समोरच्या वहिनी तरीही विचारायच्या, "काय हो, आज काय आहे?" त्या मोसमात 48 जिंकले, माळेतले दोन-चार बल्ब गेले, सोळा वर्षांचं ग्रहण सुटलं. आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत, सातव्या सामन्यात, 50 पॉइंट करून आम्हाला घरी कोणी पाठवलं? 2009 मध्ये सोडलेल्या स्टेफ करीने. 2023 मध्ये आमच्या ज्या माइक ब्राउनला एकमताने सर्वोत्तम कोच ठरवलं, त्याला डिसेंबर 2024 मध्ये काढून टाकलं. मग फॉक्स गेला. माळ आता बहुतेक वेळ विझलेलीच असते.

तरी सामना मधेच बंद करणं मला जमत नाही. वीस पॉइंटनी मागे असू देत, अजून एक क्वार्टर आहे ना! बारा मिनिटं म्हणजे काय थोडी झाली? बायको याला कोडगेपणा म्हणते. मी आनुवंशिकता म्हणतो.

कारण माझे काका. लहानपणी हिवाळ्यात ते मला सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर विदर्भाच्या रणजी मॅचला न्यायचे. विदर्भ तेव्हा हरायचा, ड्रॉ झाली तर काका येताना जिलबी घ्यायचे. त्यांच्याकडे दुकानातली एक जुनी खतावणी होती, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. तीत ते स्कोअर लिहीत. आपल्या धावा शाईच्या पेनाने, समोरच्यांच्या पेन्सिलने. आपली विकेट पडली की तीही पेन्सिलने, तीसुद्धा अगदी फिकट.

"काका, असं का?"

"अंपायर वापस बोलावते कधी कधी. काहून खराब करायचं पान?"

1957-58 पासून विदर्भ रणजी खेळत होता. साठ वर्षांनी, 1 जानेवारी 2018 ला, इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा जिंकला. गुरबानीची हॅटट्रिक, वसीम जाफरच्या बॅटीतून विजयी फटका. मी काकांना फोन केला. ते खूश होते, पण जरा गोंधळलेलेही वाटले. पुढच्या वर्षी विदर्भ पुन्हा जिंकला. 2025 मध्ये तिसऱ्यांदा जिंकला, तोही इथेच, जामठ्याला. तेव्हा तर काका गेलेच नाहीत. म्हणाले, "आता जातात की सगळे."

मग त्यांनीच मला विचारलं, "तुही ते जांभळी टीम हरते का अजून?"

"हरते की."

"मग येतो ना मी पाहाले."

तेव्हापासून सामना असला की काका सकाळी खतावणी घेऊन येतात. बास्केटबॉलचे नियम त्यांना मान्य नाहीत. इतके पॉइंट कशाला करू देतात, लिहिणाऱ्याचा हात दुखतो, असं त्यांचं म्हणणं. समोरच्यांचे पॉइंट मात्र अजून पेन्सिलनेच. परवा किंग्ज तिसऱ्या क्वार्टरमध्येच आडवे झाले होते, तेव्हा पेन्सिलीला टोक करता करता त्यांनी विचारलं, "याईनं कप कधी जिंकला होता?"

"1951 मध्ये. तेव्हा टीम रॉचेस्टरला होती, नावही वेगळं होतं. त्यानंतर नाही."

काकांनी बोटं मोजली.

"म्हणजे मी पहिलीत होतो," ते म्हणाले. "काही लय दिवस नाही झाले बे."