नागपूर ते लोणार: समृद्धीवर गाडी डावीकडे ओढायला लागली तेव्हा

लोणारला जायला नागपूरहून सोपा रस्ता म्हणजे वर्धा रोडने शिवमडका, तिथून समृद्धी महामार्ग आणि मेहकरला उतरून पुढे लोणार. पहाटेच निघा. उन्हाळ्यात तर नक्कीच, कारण दुपारच्या तापल्या काँक्रीटवर टायरचे हाल होतात.

शहरात गाडीचा दोष कळतच नाही. सिग्नल, वळणं, खड्डे यांत स्टेअरिंग सारखं हलतंच. समृद्धीवर मैलोन्मैल सरळ रस्ता लागला आणि लक्षात आलं की हात जरा सैल सोडला की गाडी डावीकडे सरकते. थोडंसं सरकणं चालतं. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला बाहेरच्या बाजूला उतार दिलेला असतो, त्यामुळे आपल्याकडे गाडीचा कल सहसा डावीकडेच असतो. पण इथे लेन बदलली तरी ओढ तशीच, आणि किलोमीटरगणिक वाढत चाललेली. १२० ची मर्यादा आहे म्हणून अशा गाडीने १२० गाठू नये. आम्ही ८० वर आलो.

महामार्गाच्या कडेला थांबून तपासणी करू नका, ते जिवावर बेततं. पंपावर पोहोचून हवा पाहिली. पुढच्या डाव्या चाकात उजव्यापेक्षा कमी निघाली. गरम टायरमध्ये आकडा चढलेलाच असतो, म्हणून चढलेली हवा सोडू नका; डाव्या-उजव्यातला फरक तेवढा भरून काढा. ओढ कमी झाली, गेली मात्र नाही.

मेहकरला उतरल्यावर चाकांजवळ हात नेला. उजवं कोमट, डाव्याची धग बोटभर अंतरावरूनच जाणवत होती, जळका वासही येत होता. (रिमला हात लावू नका, भाजेल.) गावात विचारत एका गॅरेजला गेलो. मी अलाइनमेंटचं (चाकांचे कोन जुळवण्याचं) विचारलं, तर मिस्त्री म्हणाला, "भाऊ, ते मंग पाहू. पहिले चाक उचलून फिरवून पाहू द्या." उजवं चाक हाताने सहज फिरलं, डावं जड. कॅलिपरची, म्हणजे ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, पिन कोरडी पडून अडकली होती, त्यामुळे पाय काढला तरी ब्रेक सुटत नव्हता. साफ करून, ब्रेकसाठीचं ग्रीस लावून पिन बसवली आणि गाडी सरळ चालायला लागली.

ओढ कधी जाणवते यावर बरंच ठरतं. ब्रेक सुटत नसेल तर गाडी चालता चालता त्याच बाजूला जाते. फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल, तर बहुधा दुसऱ्या बाजूचा ब्रेक कमी धरतोय. हवा आणि ब्रेक ठीक असून ओढ राहिली तर पुढचे दोन टायर आपसात बदलून पाहा. दिशा उलटली तर दोष टायरचा. एकाच दिशेने फिरणारे, बाजूवर बाण असलेले टायर मात्र असे बदलता येत नाहीत. अलाइनमेंट त्यानंतर. खड्ड्यात चाक जोरात आदळलं असेल, टायर एकाच कडेने झिजत असेल, तर ते करावंच, आणि सोबत बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर) आणि टाय रॉड (स्टेअरिंगला चाकांशी जोडणारे दांडे) हेही पाहून घ्या. बॅलन्सिंगने ओढ जात नाही, ते थरथरीसाठी असतं.

हे सगळं नागपुरातच, निघण्याच्या दोन दिवस आधी करून घ्या. हवा सकाळी गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा पाहून भरा. लोणारच्या विवरात उतरायचं असेल तर ऊन चढायच्या आत पोहोचलेलं बरं. गॅरेजमध्ये वेळ गेल्याने आम्हाला ते वरूनच पाहावं लागलं.