आधी कोणी मारलं?

भावंडांची जुंपली की आईबाबांच्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघतो, आणि भांडण तिथेच चिघळतं. आपण धावत येतो तेव्हा दिसतो तो फक्त शेवटचा फटका. त्याआधी धाकटीने तीनदा कंपासपेटी ओढलेली असते, दादाने तिला दबक्या आवाजात चिडवलेलं असतं. घरात रोज कोर्ट भरलं की मुलं भांडण मिटवायला शिकत नाहीत, खटला जिंकायला शिकतात. मग धाकटी फटका बसायच्या आधीच भोकाड पसरते.

मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये भांडणाची वेळही बहुधा ठरलेली: संध्याकाळी ६ ते ८. मुलं क्लासहून आलेली, आई नुकतीच लोकलमधून उतरलेली, कुकर लागलेला, मोबाइल एकच. पोटात भूक आणि हातपाय पसरायला जागा नाही. सात दिवस एका वहीत लिहून काढा: वेळ, जागा, कशावरून जुंपली, त्याआधी अर्धा तास काय चाललं होतं आणि शेवटी कोणाला काय मिळालं. हा शेवटचा रकाना सगळ्यात बोलका. किंचाळल्यावर मोबाइल हातात पडत असेल, तर किंचाळणं फायद्याचं ठरतंय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत जाऊन केलेल्या निरीक्षणांतून हेच चक्र मांडलं: एकाने जोर चढवला, दुसऱ्याने माघार घेतली, की पुढच्या वेळी जोर आणखी वाढतो.

वही भरली की उपाय साधे निघतात. घरात पाऊल टाकताच पोळीचा रोल किंवा केळं, अभ्यास त्यानंतर. मोबाइलची पाळी टायमरवर, आईच्या मूडवर नाही. कपाटातला एक कप्पा प्रत्येकाच्या एकट्याच्या मालकीचा, त्यातलं वाटून घ्यायची सक्ती नाही. आणि ‘तू मोठा आहेस ना, देऊन टाक’ हे वाक्य बंद. त्याचं व्याज धाकट्याच्या पाठीवर वसूल होतं.

हात उचललाच, तर मध्ये उभे राहा, आवाज खाली ठेवा. एकाला ओट्याजवळ घ्या, दुसऱ्याला खिडकीपाशी बसवा. आधी लागलं कोणाला ते बघा. मारणाऱ्याला तेव्हा फक्त ‘मारायचं नाही’ एवढंच. बोलणं दोघांचे श्वास शांत झाल्यावर. प्रत्येकाला दोन मिनिटं, तोवर दुसरा गप्प. लगेच ‘सॉरी म्हण’ करू नका. सॉरी म्हणून जाता जाता चिमटा काढला जातो.

दोन-तीन वर्षांचं मूल मारतं कारण शब्द अपुरे पडतात. त्याला ‘थांब’, ‘माझं आहे’ एवढं बोलायला शिकवा. नऊ वर्षांचं मूल रोज मारत असेल तर मामला वेगळा. घरातली मोठी माणसं हात उगारत असतील, तर आधी ते थांबवा.

मार खाणारा नेहमी एकच, तो घाबरून असतो, एकटं राहायला नको म्हणतो, गळा दाबणं किंवा हाताला लागेल ती वस्तू फेकणं सुरू झालंय, तर ही भावंडांची मस्ती नाही. दोघांना घरात एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. मुलांच्या मदतीसाठीची हेल्पलाइन १०९८, तो नंबर त्यांना पाठ करून द्या. डोक्याला मार लागून उलटी झाली, गुंगी आली किंवा शुद्ध हरपली, तर थेट हॉस्पिटल गाठा.