मॉस्किटोच्या जन्मघरी

लंडनच्या उत्तरेला, हर्टफर्डशायरमधील लंडन कोल्नी गावाजवळ सॉल्सबरी हॉल नावाचा खंदकाने वेढलेला जुना वाडा आहे. 1939 च्या ऑक्टोबरमध्ये डी हॅविलंड कंपनीचे मोजके अभियंते बॉम्बहल्ल्यांपासून आणि चौकस नजरांपासून दूर राहण्यासाठी येथे येऊन बसले आणि त्यांनी मॉस्किटो हे दुसऱ्या महायुद्धात गाजलेले लाकडी लष्करी विमान आखले. आज वाड्याशेजारी डी हॅविलंड विमान संग्रहालय आहे. जवळच्या महामार्गाची घरघर ऐकत मी तेथे पोहोचलो ते मुख्यतः एकाच विमानासाठी.

ते विमान म्हणजे डब्ल्यू 4050, मॉस्किटोचा पहिला नमुना. 25 नोव्हेंबर 1940 रोजी कंपनीच्या संस्थापकाचे पुत्र आणि चाचणी वैमानिक जेफ्री डी हॅविलंड धाकटे यांनी ते हॅटफिल्डहून प्रथम उडवले. वरून हिरव्या-करड्या पट्ट्यांचे आणि पोटाकडून पिवळे असे ते समोर उभे होते. त्याचा सांगाडा बर्च प्लायवूडच्या दोन पातळ थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड चिकटवून केलेला आहे. धड उभे चिरून दोन फाकी कराव्यात तसे दोन भागांत बांधले जाई, तारा आणि नळ्या आतून बसवल्या जात आणि मगच त्या फाकी जोडल्या जात. अ‍ॅल्युमिनियमची टंचाई असताना फर्निचरच्या कारखान्यांतील सुतारांनाही विमानाच्या कामाला लावता आले. पुढे सर्व प्रकारची मिळून 7,781 मॉस्किटो तयार झाली.

पोटाखाली वाकून मी बराच वेळ निरखत राहिलो. धातूच्या विमानावर रिव्हेटांच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, रांगा दिसतात. येथे त्या जवळजवळ नव्हत्याच, कारण सारे काही सरसावर आणि सांध्यांवर उभे होते. कोकणातल्या घरी पावसाळ्यात फुगून अडणारी दारे मी लहानपणापासून पाहिली आहेत, त्यामुळे या विमानाची भारतातील कथा मला विशेष जवळची वाटते. 1944 च्या उत्तरार्धात भारतातील उष्ण, दमट हवेत काही मॉस्किटोंचे सांधे सुटू लागले आणि त्यांची उड्डाणे काही काळ थांबवावी लागली. चौकशीत हवामानाबरोबरच कारखान्यात नीट न चिकटलेल्या सांध्यांचा दोषही पुढे आला.

युद्धानंतर हा नमुना नष्ट होण्याच्या बेतात होता. कंपनीतील बिल बेअर्ड यांनी तो वाचवला. वाड्याचे मालक मेजर वॉल्टर गोल्डस्मिथ यांनी पुढाकार घेतला, विमान आपल्या जन्मस्थळी परतले आणि 1959 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. संग्रहालयात आणखी दोन मॉस्किटो आहेत आणि कॉमेट या पहिल्या प्रवासी जेट विमानाचे धडही आहे, परंतु माझी पावले पुन्हा पुन्हा त्या पिवळ्या पोटाकडेच वळत होती. एक वयस्क स्वयंसेवक शेजारच्या विमानाच्या पंखाला हळुवारपणे पॉलिश पेपर घाशीत होते. भुसा फुंकून त्यांनी बोट फिरवले, सांधा चाचपला आणि पुन्हा घासायला सुरुवात केली.