सॉक्रेटिस आज्ञाधारक होता?

मृत्युदंड झालेला अथेन्सचा तत्त्वज्ञ सॉक्रेटिस तुरुंगातून पळाला नाही, एवढ्यावरून त्याला कायद्याचा निमूट पाईक ठरवतात. तिथेच गफलत होते. इ.स.पू. ४०६ मध्ये, आर्गिनुसाईच्या सागरी लढाईत बुडणाऱ्या आपल्याच लोकांना वाचवलं नाही म्हणून अथेन्सच्या सभेने सेनापतींचा निवाडा एकाच मतदानात उरकायचं ठरवलं. हे बेकायदा होतं. सभा खवळली, तरी अध्यक्षमंडळातला सॉक्रेटिस नाहीच म्हणाला. पुढे अथेन्सची सत्ता हाती घेतलेल्या 'तीस जुलमीं'नी सॉक्रेटिससह पाच जणांना सालामिसच्या निरपराध लेऑनला ठार मारण्यासाठी धरून आणायला सांगितलं. चौघे गेले, हा सरळ घरी गेला. अन्याय करायचा हुकूम तो मोडतो, स्वतःवरचा अन्याय सोसतो. मला यात विसंगती दिसत नाही. इ.स.पू. ३९९ मध्ये मित्र क्रिटोने तुरुंगातून पळायची सोय केली, तेव्हा सॉक्रेटिसचा युक्तिवाद हाच: कायद्याला पटवा, नाहीतर पाळा, आणि अथेन्स पटत नव्हतं तर सत्तर वर्षांत केव्हाही सोडता आलं असतं.