मॅट जाड नको, घट्ट हवी

हल्ली ओळखीतलं कोणी ना कोणी घरीच व्यायाम सुरू करतं आणि मग मला विचारतं, मॅट किती जाडीची घेऊ? मी सांगते जाडी नंतर बघ, आधी अंगठ्याने दाबून बघ. कारण दहा मिमीची मऊ मॅट गुडघ्याला सहा मिमीच्या घट्ट मॅटपेक्षा जास्त त्रास देऊ शकते, आणि हे ऑनलाइन फोटो बघून अजिबात कळत नाही.

आपल्याकडे फरशी म्हणजे खाली सिमेंटचा स्लॅब आणि वर व्हिट्रिफाइड टाइल, नाहीतर जुन्या घरात मोझॅक, शहाबादी किंवा कोटा. कुठलीही असो, ती दबत नाही. त्यामुळे जे काही दबायचं ते मॅटनेच दबायचं, नाहीतर आपल्या गुडघ्याने, कोपराने आणि माकडहाडाने.

आता ती जी स्वस्तातली दहा ते पंधरा मिमीची मऊ मॅट असते ना, ती बहुतेक वेळा एनबीआर फोमची, म्हणजे कृत्रिम रबराच्या फुगीर फोमची असते. झोपून करायच्या व्यायामाला ती खरंच छान वाटते, पाठीला गादीसारखी. पण तिच्यावर एक गुडघा टेकून लंज करा, सगळं वजन त्या एवढ्याशा जागेवर येतं, फोम पार चपटा होतो आणि गुडघा जवळजवळ फरशीलाच लागतो. वृक्षासन करायला गेलात की पाऊल आत रुततं आणि घोटा डुगडुगायला लागतो. वर बूट घालून काही केलंत तर तुकडे निघतात ते वेगळंच.

म्हणून दुकानात मॅट पूर्ण उलगडायला सांगा, अजिबात लाजू नका. अंगठा जोरात दाबा, खालची फरशी सरळ हाताला लागतेय का बघा, अंगठा उचलल्यावर खळगा लगेच भरतोय का तेही बघा. मग तिथेच तिच्यावर एक गुडघा टेका, आणि दोन्ही तळहात टेकून पर्वतासनात जसे पुढे ढकलतो तसे ढकला. हात सरकले तर ती मॅट कितीही सुंदर रंगाची असली तरी तिथेच ठेवून या.

माझं मत विचाराल तर योगासनं, प्लँक, डंबेल असं मिश्र करणाऱ्यांना सहा मिमीची टीपीई मॅट (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकची) पुरते, वजनाला हलकी असते आणि घामही पीत नाही. नैसर्गिक रबराची चार-पाच मिमीची पकड अप्रतिम, पण ती अडीच किलोच्या आसपास भरते, रोज उचलून ठेवायची असेल तर विचार करा, आणि लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर नकोच. पीव्हीसी टिकते खूप, फक्त नवीन असताना वास मारतो, चारेक दिवस हवेशीर जागी उघडी ठेवायची. लांबी साधारण १७३ सेमी असते म्हणजे पाच फूट आठ इंच, त्याहून उंच असाल तर १८३ ची मागा, नाहीतर शवासनात टाचा गार फरशीवर.

आईचे गुडघे दुखतात म्हणून तिच्यासाठी कोणीतरी जाडजूड मॅट सुचवली होती, मी घेऊ दिली नाही. ती सहा मिमीचीच वापरते आणि मार्जारासनाला गुडघ्याखाली जुनी सतरंजी चौपदरी घालून ठेवते, वाटीच्या जरा खाली भार येतो ना, नेमकं तिथे. उभं राहायचं झालं की सतरंजी बाजूला आणि पाय घट्ट जमिनीवर. वयस्कर माणसाला तोल जास्त महत्त्वाचा, मला तरी तसंच वाटतं, पडणं परवडत नाही त्यांना.

उड्यांचं मात्र वेगळं आहे. जंपिंग जॅक, बर्पी वगैरेसाठी योगा मॅट नाहीच, ती ताणली जाते आणि सरकते. त्यासाठी ईव्हीए फोमचे एकमेकांत अडकणारे चौकोन मिळतात, साधारण दहा-बारा मिमीचे, ते अंथरा आणि वर बूट घाला. तरी खालच्या मजल्यावर दणका जातोच, स्लॅबमधून आवाज उतरतो, त्यामुळे सकाळी सहाला उड्यांऐवजी पाय एक-एक करून बाहेर टाका, दम तेवढाच लागतो थोडा वेग वाढवला की.

आणि सरकण्याचा अर्धा दोष मॅटचा नसतोच, खालच्या धुळीचा असतो. टाइलवर बारीक धूळ असली की चांगली रबरी मॅटसुद्धा घसरते, म्हणून आधी फरशी पुसायची आणि पूर्ण वाळल्यावरच अंथरायची. मॅट सौम्य साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, दोन्ही बाजूंनी. पावसाळ्यात ओलसर गुंडाळून कपाटामागे उभी केली की कुबट वास धरते आणि बुरशीचे ठिपके येतात, तेव्हा पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात रबर टाकू नका, तडे जातात. गुंडाळताना वरची बाजू बाहेर ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी टोकं वर उचलली जात नाहीत.